स्वभावाच्या खात्यावर जमा झालेलं काम

मृत्युलेखांचा एक साचा ठरून गेला आहे. प्रेमळ पत्नी, वत्सल माता, नातवंडांची लाडकी आजी. आणि मग, ओळ शिल्लक असेल तर, त्यांना समाजकार्याची आवड होती. पंचवीस-तीस वर्षं एखादी बाई आजूबाजूच्या एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करत फिरते, कुणाची औषधं आणून देते, कुणाच्या मुलीचा अडकलेला शाळेचा दाखला हेलपाटे घालून सोडवून आणते, दोन घरांतलं भांडण पोलिसांपर्यंत जाण्याआधी मिटवते, आणि या सगळ्याची नोंद होते ती आवड म्हणून. तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाबद्दल 'त्यांना फायलींची आवड होती' असं कुणी लिहीत नाही. त्याची सेवा मोजली जाते, तिची पुस्तकात नोंद असते, तिच्यावर पेन्शन बसते.

असा मजकूर लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून एक हातचलाखी होऊन जाते. बाईनं केलेलं काम तिच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतं. मायाळूच होत्या हो, कुणाला नाही म्हणवत नसे, स्वतःचा विचार म्हणून कधी केला नाही. एकदा गोष्ट स्वभावात गेली की पुढचे प्रश्न आपोआप मिटतात. स्वभावाला वेतन लागत नाही, गाडीभाडं लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, सुट्टी लागत नाही, आणि माणूस गेल्यावर त्याची जागा भरावी लागत नाही. अशा बायकांचा मोठेपणा सांगणाऱ्या भाषणांवरचा माझा विश्वास म्हणूनच कमी होत चालला आहे. तिनं केलं ते काम होतं, कसबाचं काम, आणि त्याला कामासारखंच वागवलं पाहिजे. ते मोजलं गेलं पाहिजे, त्याचा खर्च तिच्या एकटीच्या पदरातून जाता कामा नये, ते दुसऱ्याला शिकवता आलं पाहिजे, आणि तिच्यानंतर ते कोण करणार हे ती असतानाच ठरलं पाहिजे.

कसब कसलं, असं वाटत असेल तर तिची वही उघडून पाहावी. अशा बायकांकडे बहुधा एक वही असतेच. कव्हर निसटलेलं, सुटी पानं रबरबँडनं आवळलेली. तीत नावं आणि फोन नंबर तर असतातच, पण समासात बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते खरं. कुणाच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे. कुणाला रात्रीचं नीट दिसत नाही. कुणाचा मुलगा परदेशात आहे आणि त्याचा फोन किती वाजता लागतो. कुणाचा रक्तगट दुर्मीळ. कुणाकडे गाडी आहे, आणि गाडी असणाऱ्यांपैकी मध्यरात्री उठवलं तर कोण उठतं. कुणाशी कोण बोलत नाही. काही नावांवर आडवी रेघ आणि पुढे तारीख. यातली फार थोडी माहिती कुठल्याही सरकारी दप्तरात सापडेल, कारण ती फॉर्म भरून मिळण्यातली नाही. ती मिळते दारात उभं राहून, आणि एका दारात ऐकलेलं दुसऱ्या दारात न सांगितल्यामुळे. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. त्याची परीक्षा घेणारं कुठलंही विद्यापीठ नाही.

या विचारपुशीची किंमत किती, हे एरवी कळत नाही. संकट आलं की कळतं. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. तापमान ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढलं आणि त्या काळात नेहमीपेक्षा सातशेहून अधिक माणसं जास्त मेली. त्यांतली बरीच वृद्ध, घरात एकटी, दारं-खिडक्या लावून बसलेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी त्या मृत्यूंचा माग काढला, तेव्हा एकमेकींना लागून असलेल्या, गरिबी आणि एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाण साधारण सारखंच असलेल्या दोन वस्त्यांत मृत्युदरात सुमारे दहापट फरक निघाला. जिथे रस्ता जागता होता, दुकानं उघडी होती, माणसं एकमेकांच्या नजरेत होती, तिथे म्हातारी माणसं तगली. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांत बायकांची संख्या जास्त, तरी वयाचा फरक जमेस धरला तर मेलेल्यांत पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त. बायकांनी आयुष्यभर शेजारपाजार, नातीगोती, ओळखीपाळखी राखलेल्या होत्या. पुरुषांचं जे काही जाळं होतं ते बहुतेक नोकरीबरोबर संपलं होतं. ज्याला आपण 'बायकांच्या गप्पा' म्हणून हसण्यावारी नेतो, तेच त्या आठवड्यात जीव वाचवत होतं.

मग हे काम मोजायचं कसं? मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत आणि त्यांतल्या अडचणीच जास्त बोलक्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, पाहणीची आकडेवारी असलेल्या ६४ देशांत मिळून रोज १६४० कोटी तास विनामोबदला घरकामात आणि सांभाळात जातात, आणि त्यांतले ७६ टक्के तास बायकांचे असतात. रोज आठ तास याप्रमाणे हिशेब केला तर दोनशे कोटी माणसं पगाराविना पूर्णवेळ राबत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागानं त्याच वर्षी जगभरच्या स्वयंसेवेचा अंदाज मांडला: सुमारे १० कोटी ९० लाख पूर्णवेळ माणसांइतकं काम, त्यातलं ७० टक्के कुठल्याही संस्थेच्या नावाशिवाय, माणसानं माणसासाठी परस्पर केलेलं. त्या बिननावाच्या कामात बायकांचा वाटा पुरुषांहून मोठा.

हे आकडे दोन वेगळ्या रकान्यांत का आहेत? कारण २०१३ साली श्रमसांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं कामाची नवी व्याख्या केली. ती चांगलीच होती. विनामोबदला कष्टांना तिनं प्रथमच उघडपणे 'काम' म्हटलं. पण स्वयंसेवा धरायची ती घर आणि नातलग सोडून इतरांसाठी केलेली. आता एक आजी दुपारी शाळेच्या फाटकाशी उभी आहे असं समजा. ती आपल्या नातवाला घ्यायला आली आहे आणि सोबत शेजारची दोन मुलंही, कारण त्यांच्या आईची कामावरची पाळी संध्याकाळी सुटते. एकाच रस्त्यानं, एकाच वेळी, एका हाताला नातू आणि दुसऱ्या हाताला ती दोघं. हिशेबाच्या भाषेत उजव्या हाताचं काम कौटुंबिक आणि डाव्या हाताचं सामाजिक. ती बाई मात्र एकच फेरी मारते आहे. पाहणी करणाऱ्यानं विचारलं तर ती सरळ सांगेल, नातवाला आणायला गेले होते. बाकीची दोघं आकड्यांतून गळाली. पत्नी, आई, आजी ही नाती एकीकडे आणि समाजकार्य दुसरीकडे, अशी जी विभागणी मृत्युलेखात दिसते तीच इथे कोष्टकात उतरली आहे. अशा बाईच्या आयुष्यात ती विभागणी नसते. घरातल्या कामाच्या ओघात ती शेजारचं करते आणि शेजारच्या निमित्तानं घरचं. तिच्या घराची हद्दच जरा लांबवर आखलेली असते, इतकंच.

इथे हटकून एक युक्तिवाद येतो. आजीपण ही निसर्गाचीच योजना आहे, विज्ञानही तसं म्हणतं. खरंच म्हणतं. मूल होण्याचं वय सरल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांत राहून शोधलं: आजीच्या मदतीमुळे नातवंडं जगतात, म्हणून आजी जगण्याचा कल पिढ्यानपिढ्या टिकला. हे वाचून भारावून जाणाऱ्यांनी त्या संशोधकांनी प्रत्यक्ष काय पाहिलं तेही वाचावं. म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून काठीनं कंद खणून काढत होत्या, आणि खणण्यात तरुण बायकांपेक्षा जास्त वेळ घालवत होत्या. म्हणजे ज्या सिद्धान्ताच्या आधारे आपण आजीच्या मायेला निसर्गदत्त ठरवतो, तो सिद्धान्तच मुळात कामाच्या तासांच्या नोंदींवर उभा आहे.

काम म्हणून मान्य केलं तर काय होऊ शकतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण झिम्बाब्वेमधलं आहे. डिक्सन चिबांडा हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या एका तरुण रुग्णानं आत्महत्या केली. तिच्या घरच्यांकडे तिला इस्पितळात आणायला बसच्या भाड्याचे पैसे नव्हते. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी २००६ मध्ये राजधानी हरारेतल्या एका गरीब वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरलं. या बायका आधीपासून वस्तीत आरोग्याचं काम करत होत्या, सगळ्यांना ओळखत होत्या. त्यांना प्रशिक्षण दिलं, प्रश्नावली दिली, अडलेल्या माणसाकडून त्याचे प्रश्न सुटे करून घ्यायची आणि एकेक हाताळायची पद्धत शिकवली, आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक मांडला.

डॉक्टरांनी त्याला आधी मानसिक आरोग्याचा बाक म्हटलं होतं. आज्यांनी सांगितलं, या नावाच्या बाकावर कुणीही येऊन बसणार नाही. मग तो मैत्रीचा बाक झाला. मला या प्रकल्पातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आज्यांकडून नुसती सेवा घेतली नाही, त्यांच्या शब्दावर योजना बदलली. एरवी अशा बायकांना सतरंज्या अंथरायला बोलावतात आणि बैठक सुरू झाली की त्या मागच्या रांगेत जाऊन बसतात.

परिणामही मोजला गेला. २०१६ मध्ये हरारेतल्या २४ दवाखान्यांतल्या ५७३ रुग्णांवर केलेला शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्या गटात जवळपास निम्म्या लोकांना नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसून गेलेल्यांत ती सुमारे १४ टक्क्यांत राहिली. माया तर त्या आज्यांकडे २००६ च्या आधीही होतीच. भर पडली ती प्रशिक्षणाची, देखरेखीची, नोंदीची, आणि आपण एकट्या नाही या खात्रीची. उपमा द्यायचा मोह होतो, पण नको. १४ आणि ५० हे आकडे पुरेसे आहेत.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. या कामाला हिशेब, फॉर्म, पैसा लावला की त्यातला जीव जाईल. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाबाबत असाच मुद्दा मांडला होता: जिथे रक्त विकत घेतलं जातं तिथे स्वेच्छेनं देणारे मागे सरतात आणि रक्ताचा दर्जाही खालावतो. पगारी मैत्रीण कुणालाच नको असते, हे मलाही पटतं. दार ठोठावण्याचा दर ठरवला तर दारं मोजून ठोठावली जातील.

पण पगार न देणं आणि भुर्दंड पाडणं यांत फरक आहे. आज जे चालतं ते दुसऱ्या प्रकारात मोडतं. फोनचं बिल तिचं, गाडीभाडं तिचं, झेरॉक्सचे पैसे तिचे, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचा दवाखानाही तिचाच. पदरमोड करणाऱ्याची आपण स्तुती करतो आणि स्तुतीच्या भरात पदर कुणाचा मोडला ते विसरतो. शिवाय पदरमोड परवडण्यासाठी आधी पदरात काही असावं लागतं. म्हणून हे काम आपसूक नवऱ्याची मिळकत बऱ्यापैकी असणाऱ्या बायकांकडे जातं, आणि ज्या बाईला वस्तीची नाडी जास्त कळते पण रोज कामावर जाणं चुकत नाही, ती बाजूला राहते. खर्च भरून देणं, अपघाती विमा काढणं, बसायला एक खोली देणं, यानं कुणाची माया आटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

थेट पैसे न देताही वाटा काढता येतात. जपानमध्ये ओसाकाच्या तेरुको मिझुशिमा या गृहिणीनं १९७३ मध्ये श्रमांची बँक सुरू केली: आज दुसऱ्यासाठी दिलेले तास खात्यावर जमा करायचे आणि आपल्या गरजेच्या वेळी परत घ्यायचे. पुढे जगभर 'टाइम बँक' म्हणून जे निघालं त्याच्या कितीतरी आधी ही बाई ते करून बसली होती. ब्रिटनमध्ये एप्रिल २०११ पासून, पेन्शनचं वय न झालेल्या आजी-आजोबांनी बारा वर्षांखालच्या नातवंडाला सांभाळलं, तर नोकरी करणाऱ्या आईच्या वाट्याचं राष्ट्रीय विम्याचं श्रेय त्यांच्या नावे करता येतं आणि ते त्यांच्या पुढच्या पेन्शनीत धरलं जातं. लहानशी तरतूद, पण तिच्यामागचं तत्त्व मोठं आहे: आजीनं नोकरी सोडली किंवा कमी केली तेव्हा तिनं काहीतरी गमावलं, हे कायद्यानं मान्य केलं. शाळेच्या फाटकावरच्या त्या दुसऱ्या दोन मुलांचं श्रेय मात्र तिथेही मिळत नाही. कायदासुद्धा नात्याच्या उंबरठ्यापर्यंतच येतो.

आता या विषयावर लिहिताना जे टाळलं जातं त्याकडे येतो. सार्वजनिक कामात रमलेल्या बाईच्या घरी मागे कोण राबत होतं? पुष्कळदा दुसरी बाई. सासूबाई वस्तीच्या आई झाल्या, त्या काळात सून किंवा थोरली मुलगी त्यांच्या वाटणीचं घर ओढत होती. तिच्या नावाची तर मृत्युलेखात अर्धी ओळही येत नाही. आणि पतिराज? त्यांचा उल्लेख येतो तो 'त्यांनी कधी आडकाठी केली नाही' असा. आडकाठी न करणं हे कर्तृत्वात मोजलं जावं इतकी आपली अपेक्षा खाली आली आहे. हेच गृहस्थ कुठल्या समितीवर असते तर बायकोनं त्यांच्या बैठकांना आडकाठी केली नाही हे छापावं असं कुणाच्या मनातही आलं नसतं. घरच्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, कशाला या लष्करच्या भाकऱ्या भाजतेस. तिच्या पश्चात हीच माणसं तिच्या समाजसेवेबद्दल गहिवरून बोलतात.

आणि तिचं स्वतःचंही सगळं गोड नसतं. जिच्या वहीत सगळ्यांची माहिती, तिच्या हातात सत्ता येतेच. कोण मदतीला 'लायक' आणि कोण नाही, हे ती ठरवू लागते. कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली याचीही नोंद राहू लागते. नवरा सोडून आलेल्या बाईला समजावून परत धाडणाऱ्या, आणि त्यालाच संसार सावरणं म्हणणाऱ्या समाजसेविका मी पाहिल्या आहेत. स्वभाव म्हटला की या गोष्टींवर बोलायची सोय राहत नाही. एवढ्या चांगल्या बाईबद्दल असं कसं बोलायचं? काम म्हटलं की त्याला नियम लावता येतात, तक्रार करता येते, चुकलं तर चुकलं म्हणता येतं. हरारेच्या बाकावर आजीच्या पाठीशी देखरेख ठेवणारं कुणीतरी होतं, ते आजीला जशी मदत म्हणून, तशीच समोर बसलेल्या माणसाच्या सुरक्षिततेसाठीही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी कुणी गेली, तर शोकसभेत भाषणं जरूर व्हावीत, पण फळ्यावर एक यादीही लिहावी. ती कुणाकुणाकडे जात होती, कुठल्या दिवशी, कुठल्या कचेरीत कुणाचा कागद अडला आहे, कुणाच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात. त्यासाठी तिची वही रद्दीत जाण्याआधी तिच्या घरच्यांकडून मागून घ्यावी, आणि खासगी गोष्टींची पानं त्यातून काढून ती ज्यांची त्यांना परत द्यावीत. यादीतल्या प्रत्येक कामापुढे एकेक नाव घालावं, एकाच बाईचं पुन्हा पुन्हा नाही, आणि निवृत्त पुरुषांना आधी विचारावं. त्यांच्याकडे वेळही असतो आणि शिकागोचा अनुभव पाहता त्यांना दारं ठोठावण्याची गरजही जास्त आहे. जी कामं कुणीच घेणार नाही ती तशीच सोडू नयेत. ती स्थानिक प्रशासनाला लेखी कळवावीत, पोच घ्यावी, आणि सोबत एवढं लिहावं की हे काम इतकी वर्षं तुमच्यासाठी कुणीतरी फुकट करत होतं.